शब्द कुठे तोडायचा, अक्का?

अक्का, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मला अजून तुमच्याशी भांडायचंय. गेलेल्या माणसाविषयी लोक चांगलं बोलतात. मीही बोलेन. पण आधी तुमच्या पुस्तकातल्या त्या ‘अत्तेंतामेंते’चं काय ते ठरू दे. पान चौतीस, डावा रकाना, खालून तिसरी ओळ. शब्द ओळीत मावत नाही, तोडावाच लागतो. तो कुठे तोडायचा यावर आपण चार वर्षं वाद घातला आणि तुम्ही निकाल न लावताच निघून गेलात. पुस्तकाची दुसरी आवृत्ती तिथेच अडून बसली आहे. मी रोज ते पान उघडतो आणि बंद करतो.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात ती दुपार मला आठवते. धुळ्याच्या पाचकंदीलजवळच्या आमच्या गल्लीत लग्नपत्रिका, बिलबुकं आणि प्रश्नपत्रिका छापून घेणारी माणसं येतात. तुम्ही सुती लुगड्यावर पांढरे बूट घालून आलात आणि काउंटरवर एक शंभर पानी वही ठेवलीत. वहीभर इटालियन शब्द, शेजारी देवनागरीत उच्चार, त्यापुढे मराठी अर्थ. अक्षर शाळामास्तरणीसारखं गोल. तुम्ही सांगितलंत की बावीस वर्षं इटलीत नर्स होते, आता देवपूरला भावाकडे राहते, आणि तिकडे नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्स मुलींना भाषा शिकवते. त्यांच्यासाठी हे पुस्तक.

मी वही चाळली. म्हणालो, “ही तर नुसती क्रियाविशेषणं आहेत. वस्तूंची नावं कुठायत?”

“ती मोबाइलमध्ये मिळतात,” तुम्ही म्हणालात. “औषधाचं नाव सगळ्या नीट वाचतात हो. चूक होते ती ते ‘कसं’ द्यायचं यात. हळू, लगेच, नियमित, क्वचित. मुली त्या शब्दावरून नजर घसरवतात आणि पेशंट जातो.”

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हातारी जरा हट्टी दिसते. आठ दिवसांनी प्रूफ दिलं तेव्हा ‘जरा’ हा शब्द मी मागे घेतला. लाल शाईनं तुम्ही पान रंगवून आणलं होतं. रकाने अरुंद होते, शब्द लांब होते, आणि संगणकानं ते जिथे जागा संपली तिथे कापले होते. मी ते तसेच सोडले होते. धुळ्यात इटालियन शब्द कुठे तुटला हे कोण बघणार?

“हाई बठ्ठं चुकेल शे,” तुम्ही म्हणालात, हे सगळं चुकलंय. तोपर्यंत माझ्याशी शहरी मराठीत बोलत होतात. रागावलात आणि साक्रीकडच्या गावातली भाषा तोंडात आली. माझीही घरची भाषा तीच. त्या वाक्यापासून मी तुमचा ‘तू’ झालो आणि तुम्ही माझ्या अक्का झालात. तसं कोणी ठरवलं नव्हतं.

मग तुम्ही काउंटरच्या आत आलात, माझाच हात धरलात आणि माझ्याच हनुवटीखाली लावलात. समोर बिलबुकाचं गिऱ्हाईक उभं. “म्हण, लेंतामेंते. हनुवटी किती वेळा खाली आली ते मोज.” मी म्हटलं. लेन, ता, मेन, ते. चार वेळा. “मग चार तुकडे. तोडायचं तर त्या सांध्यावर तोड. माणसाचं हाड मधोमध कापतं का कोणी?” गिऱ्हाईकानं हनुवटीखाली हात लावून स्वतःचं आडनाव म्हणून पाहिलं. तुम्ही त्याचंही बरोबर करून दिलंत.

खरं सांगू? माझे वडील शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. मी चोवीस वर्षं संगणकावर अक्षरं जुळवतोय. इतकी अक्षरं हातून गेली, पण शब्द कानानं ऐकायचा असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. तुम्ही आभार मानू देणाऱ्यातल्या नव्हतात.

त्यानंतर तुम्ही दर मंगळवारी येऊ लागलात. चहा यायचा आणि आपण एकेक शब्द उघडून बघायचो. ‘लेंतो’ म्हणजे मंद. त्याला ‘मेंते’ जोडलं की ‘मंदपणे’. पण मध्ये ‘लेंतो’चा ‘लेंता’ का होतो, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, मेंते हा मूळचा मन या अर्थाचा शब्द. तो इटालियनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून त्याच्याआधी येणाऱ्या विशेषणालाही बाईचं रूप घ्यावं लागतं. लेंतामेंते म्हणजे, मुळात जाऊन पाहिलं तर, मंद मनानं.

“आपल्याकडे मन नपुंसकलिंगी,” मी म्हणालो.

“म्हणून तर तुझी प्रूफं अशी येतात.”

‘फाचीले’ म्हणजे सोपं. त्याला मेंते लावताना शेवटचा ‘ए’ गळून पडतो, फाचीलमेंते होतं. ‘रेगोलारे’चंही तसंच, रेगोलारमेंते. आधी ल किंवा र आला की हे होतं, हा नियम तुम्ही मला तीनदा सांगितला, कारण मी तीनदा विसरलो. आणि ‘लेज्जेरो’, हलकं. नियमानं त्याचं लेज्जेरामेंते व्हायला हवं, पण होतं लेज्जेरमेंते. मी म्हटलं, हा अपवाद कशाला? तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. “हलकेच असा अर्थ आहे ना? एक अक्षर टाकून दिलं त्यानं. वजन कमी केलं.” हे व्याकरणात बसत नाही हे तुम्हालाही माहीत होतं. तरी मुलींच्या ते कायमचं लक्षात राहिलं. माझ्याही.

भांडण मात्र एकाच ठिकाणी व्हायचं. ‘ओनेस्तामेंते’ला काही अडचण नव्हती. इटालियन लोक त्यातला स पुढच्या त बरोबर ठेवतात, आपली देवनागरीही ‘स्ता’ एकत्र लिहिते. ओ, ने, स्ता. दोघेही खूश. पण ‘अत्तेंतामेंते’, लक्षपूर्वक. त्यात दोन त. इटालियन माणूस पहिला त मागे ठेवतो आणि दुसरा पुढे नेतो. अत्, तेन, ता. देवनागरीत मात्र ‘त्ते’ हे एकच जोडाक्षर. ते ओळीच्या शेवटी फोडायचं तर वर पाय मोडका त एकटा लटकतो. माझे वडील असलं काही बघून उठून गेले असते.

मी म्हणायचो, “अक्का, मोडका त ओळीच्या शेवटी शोभत नाही. अ वर ठेवू, त्ते खाली घेऊ.”

तुम्ही म्हणायचात, “जे कानले ऐकू येस तठे तोड. डोयाले काय शोभस ते नको सांगू.”

पहिल्या आवृत्तीत मी माझ्या मनासारखं छापलं. तुम्ही तीनशे प्रतींमध्ये पेनानं दुरुस्त केलंत.

तुम्ही इतक्या हट्टी का, हे मला ती आवृत्ती छापण्याआधीच्या उन्हाळ्यात समजलं. वीज गेली होती, संगणक बंद, आपण दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मी सहज विचारलं, “अक्का, तुमच्या हातून कधी चूक झाली का?” तुम्ही पदरानं वारा घेतलात. मग सांगितलंत.

तुम्हाला तिकडे जाऊन आठ-नऊ महिने झाले होते. वॉर्डात एक म्हातारे होते, त्यांची बायको रोज दुपारी यायची. एके दिवशी डॉक्टर फाईलमध्ये एक वाक्य लिहून गेले आणि त्या आजींनी तुम्हाला विचारलं, ते घरी येतील का? वाक्यात ‘दिफ्फीचीलमेंते’ होतं. दिफ्फीचीले म्हणजे अवघड, मेंते म्हणजे ‘पणे’. तुम्ही नियमानं जोडलंत. अवघडपणे, कष्टानं. तुम्ही आजींना सांगितलंत, “त्रास होईल, पण येतील.” त्या भाषेत त्या शब्दाचा बोलण्यातला अर्थ ‘बहुधा नाही’ असा होतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

म्हातारे तीन आठवड्यांनी वारले. तुम्ही अंत्यविधीला त्यांच्या घरी गेलात. जिन्याला नवा लाकडी कठडा लावलेला होता, रंगाचा वास अजून जात नव्हता. आजींनी तुमचा हात त्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “बघ, पक्का बसलाय.” त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तुम्ही म्हणालात.

“शब्द बरोबर तोडला होता मी, मधुभाऊ. बरोबर जोडला होता. तरी चुकला.”

वीज आली. आपण आत गेलो आणि काम सुरू केलं. पहिल्या आवृत्तीत त्या शब्दापुढे दोन अर्थ छापले आहेत. दुसरा अर्थ ठळक टाइपात.

तुमच्या वर्गातल्या मुलींपैकी मला मनीषा जास्त लक्षात आहे. पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरची मुलगी, आई-वडील पावसाच्या भरवशावर नागली आणि भात पिकवायचे, मधल्या काळात मजुरीला जायचे. तुम्ही स्टीलच्या डब्यावर ठेका धरायचात आणि मुली तुकडे पाडायच्या. इतर मुली धुळ्या-जळगावच्या, इंग्रजीवरून इटालियन शिकणाऱ्या, त्यांचे स्वर घसरायचे. मनीषाचा एकही चुकायचा नाही. मी पुस्तकं द्यायला आलो होतो त्या दिवशी तुम्ही तिला विचारलंत, “तुला कसं गं जमतं?” ती लाजून म्हणाली, “मॅडम, मला मराठीपण अशीच शिकावी लागली. तुकड्या-तुकड्यानं.” घरी त्यांची बोली वेगळी. तुम्ही डबा बाजूला ठेवलात आणि मुलींना दहा मिनिटं सुट्टी दिलीत. तुमचे डोळे भरले होते. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

मनीषा परीक्षा पास होऊन इटलीला गेली. त्याच महिन्यात आपण दुसरी आवृत्ती करायला घेतली.

आता ते सांगतो जे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मंगळवारच होता. तुम्ही नव्या प्रूफातले शब्द मोठ्यानं वाचत होतात, मी पडद्यावर तपासत होतो. चौतिसावं पान आलं. तुम्ही वाचलंत, “अतेंतामेंते.” एकच त. मी खुर्चीतून उठलोच. म्हणालो, “बघा! तुम्हीच एक त गाळलात! आता अ वर, ते खाली. जिंकलो मी!” तुम्ही हसलात. पुन्हा म्हणून पाहिलंत. पुन्हा एकच त आला. तिसऱ्यांदा तुम्ही ओठ घट्ट मिटून, थांबून प्रयत्न केलात, आणि जीभ दातांना लागलीच नाही. मी अजून हसत होतो. तुम्ही प्रूफ पिशवीत ठेवलंत आणि चहा न घेता गेलात.

तुम्ही नर्स होतात. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. मला वाटलं, दातांची नवी कवळी असेल. पुढच्या मंगळवारी आणखी दोन-तीन अक्षरं बोथट ऐकू आली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. तुमच्यामुळेच माझे कान तयार झाले होते, बहुधा सगळ्यांच्या आधी मला ऐकू आलं असेल, आणि मी विचारलं नाही. डॉक्टरांकडे दोन महिने आधी गेल्या असतात तरी काही फरक पडला नसता, असं नाशिकच्या डॉक्टरांनी तुमच्या भावाला सांगितलं. मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या नसा मरत जाण्याचा आजार. आधी जीभ, मग हात, मग पाय, मग श्वास. यावर औषध नाही. तरीही मी विचारायला हवं होतं. तुम्ही त्या दोन महिन्यांत एकट्याच होतात, अक्का.

सहा महिन्यांत बोलणं फक्त तुकड्यांचं उरलं. एका श्वासात एक तुकडा. पा. मग थांबणं. णी. घरात रूपाली तुमचं सगळं करायची. तुमच्या भावाची, नानांची, ती सून. जळगावकडची, हाताला वेग असलेली पोरगी. तिला तुमचं बोलणं कळेनासं झालं तेव्हा ती मला फोन करायची, “मधुकाका, जरा येता का? आत्या काहीतरी म्हणताहेत.” मी यायचो, तुमच्या हनुवटीकडे बघायचो, तुकडे मोजायचो आणि सांगायचो. आपलाच उपयोग होतोय याचा मला, लाज वाटते सांगायला, अभिमान वाटायचा.

मग तोही आवाज गेला. मी दुकानात मोठ्या टाइपात बाराखडीचा तक्ता छापून आणला. तुम्ही बोटानं एकेक अक्षर दाखवायचं. पहिल्याच दिवशी ‘उशी’ला पाच मिनिटं लागली. तुम्ही तक्ता पालथा घातलात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, पेन कसंबसं धरून, एक शब्द लिहिलात. ‘हळू.’ त्याखाली ‘जरासं’. त्याखाली ‘पुन्हा’. मग ‘आत्ता नको’. ‘आणखी’. ‘पुरे’. लिहायला अर्धा तास लागला. मी म्हटलं, “अक्का, पाणी, उशी, संडास, हे नको का?” तुम्ही मान हलवलीत. ते रूपाली ओळखते, असं तिच्याकडे बोट दाखवून सांगितलंत.

मी तसाच नवा तक्ता छापला. दुसऱ्या दिवशी रूपाली तुम्हाला कुशीवर वळवत होती. तुम्ही ‘हळू’वर बोट ठेवलंत. ती थांबली. हळू वळवलं. तुम्ही ‘आणखी’ दाखवलंत. तिनं आणखी हळू केलं, आणि मग ती एकदम पलंगाच्या कडेला बसली. “म्हणजे इतके दिवस दुखत होतं तुम्हाला? मी दणकन वळवत होते ना? मला कळलंच नाही हो आत्या.” तुम्ही बोट ‘जरासं’वर नेलंत. जरासंच दुखत होतं. तिला बरं वाटावं म्हणून. ते खोटं होतं हे तिघांनाही माहीत होतं.

एक दुपार चांगली गेली, तीही सांगतो. मनीषाचा व्हिडिओ कॉल आला. ती तिकडच्या रुग्णालयात निळ्या कपड्यांत उभी होती. तिला तुमच्या आजाराचं कळवलेलं होतं, पण पाहिलं नव्हतं. पडद्यावर तुम्हाला बघून तिचा चेहरा पडला. मग तीच म्हणाली, “मॅडम, इम्मेदियातामेंते.” लगेच. तुमचं एकच बोट हलत होतं. तुम्ही ते पलंगाच्या दांडीवर आपटलंत. सहा वेळा. इम्, मे, द्या, ता, मेन, ते. ती म्हणाली, “मी सात मोजत होते.” तुम्ही पुन्हा सहा आपटलेत. मग ती एकेक शब्द म्हणत गेली आणि तुम्ही ठोके देत गेलात, अर्धा तास, तिची जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. रूपाली दारात उभी राहून हसत होती. आजार सुरू झाल्यानंतर तुमच्या घरात मी ऐकलेलं ते पहिलं हसणं.

आणि आता माझं खोटं.

शेवटच्या महिन्यात मी पुस्तकाची कच्ची प्रत घेऊन आलो होतो. तुम्हाला दाखवली. पानं मी उलटत होतो, तुम्ही डोळ्यांनी वाचत होतात. बोट थकलेलं होतं, तेव्हा मी तक्त्यावरून बोट फिरवायचो आणि तुम्ही हव्या त्या ठिकाणी पापणी मिटायचात. मी विचारलं, “छापून हातात येईल तेव्हा बघाल ना?” आणि तक्ता पुढे केला. तुम्ही तक्त्याकडे पाहिलं नाही. पुस्तकाकडे पाहत राहिलात. मी पानं उलटू लागलो. ‘द’चं पान आलं आणि तुम्ही पापणी मिटलीत. मी ओळीवरून बोट खाली नेलं. दिफ्फीचीलमेंते. तुम्ही पुन्हा पापणी मिटलीत.

शेजारी दोन्ही अर्थ छापलेले होते. दुसरा ठळक. मीच छापलेला. तुम्हाला कोणता म्हणायचाय हे मला पहिल्याच क्षणी कळलं. आणि मी हसून म्हणालो, “कष्टानं का होईना, बघाल! वा अक्का!”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग नजर तक्त्याकडे वळवलीत. मी बोट फिरवलं. ‘पुन्हा’वर तुम्ही पापणी मिटलीत.

त्या ‘पुन्हा’चा अर्थ मला अजून लागलेला नाही. पुन्हा तीच चूक, तुमच्या हातून झाली होती तीच, असं तुम्हाला म्हणायचं होतं? की खोटं आहे हे माहीत असूनही ते पुन्हा ऐकायचं होतं? मी भित्रा माणूस. मी दुसरा अर्थ धरला. पुन्हा म्हणालो, “बघाल अक्का. नक्की बघाल.” तुम्ही डोळे मिटून घेतलेत. ते उत्तर होतं की थकवा होता, हेही मी विचारलं नाही.

तुमची चूक न कळून झाली होती. माझी कळून झाली. त्या आजींनी तुमचा हात कठड्यावर ठेवला, म्हणजे निदान चूक कुठे झाली ते तुम्हाला दिसलं. माझ्यापुढे तेही नाही. मला वाटतं, मी त्या दिवशी गप्प बसलो असतो आणि तुमचा हात धरला असता, तर पुरलं असतं. तेवढं मला सुचलं नाही. आज सुचतं, पण आता उशीर झाला.

तुम्ही गेलात ती दुपार होती. मी दुकानात होतो, फोनवर रूपाली फक्त “काका” म्हणाली आणि मी शटर ओढलं. तुम्ही खुर्चीत होतात. केस नीट विंचरलेले, वेणी घातलेली, मान उशीला टेकलेली. मी तुमच्या घरी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझी एकही चूक काढली नाहीत.

तिसऱ्या दिवशी नानांनी मला गंधमुक्तीची, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीची, पत्रिका करायला सांगितली. “नेहमीचाच मजकूर घे,” म्हणाले. नेहमीचा मजकूर माझ्या संगणकात तयारच असतो. फक्त नाव, गाव, तिथी बदलायची. ‘यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.’ मी ते वाक्य आजवर किती जणांसाठी छापलं असेल, कोणास ठाऊक. तुमचं नाव टाइप केलं आणि ‘अल्पशा’वर येऊन माझा हात थांबला. दीड वर्षं तुम्ही एकेक स्नायू गमावत होतात. ते खोडलं. ‘प्रदीर्घ आजाराने’ लिहिलं. तेही खोडलं. आजार किती चालला ते त्यात होतं, पण तुम्ही कशा गेलात ते नव्हतं. ‘शांतपणे’ लिहिलं. मी तिथे नव्हतो. मला काय माहीत?

मग मी संगणक तसाच सुरू ठेवून देवपूरला आलो. रूपाली ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी विचारलं, “रूपाली, अक्का कशा गेल्या?”

तिला आधी प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, “तुम्हाला फोन केला ना काका, दुपारी...”

“केव्हा ते नाही. कशा, ते सांग.”

ती सुपात बघत बोलू लागली. “मी त्यांची वेणी घालत होते. खुर्चीच्या मागे उभी होते, म्हणून तक्ता समोर नव्हता आणि त्यांचे डोळेही दिसत नव्हते. त्यांना केस ओढलेले खपायचे नाहीत. विचारता येत नव्हतं, म्हणून मी आपली मनानंच हळू करत होते. बोलत होते त्यांच्याशी, हळू करतेय हं आत्या, झालंच हं आत्या. गुंता एकेक बट धरून सोडवला. पेड घातले. रबर लावलं. मग पुढे आले, झालं का बघायला. तर गेल्या होत्या. काका, कधी गेल्या ते मला नाही कळलं. पहिल्या पेडाला की शेवटच्या. हिसका नाही, आवाज नाही. मी बोलतच होते.”

तिनं सूप खाली ठेवलं आणि पदरानं तोंड झाकलं. मी तिच्याजवळ बसून राहिलो. या वेळी काही बोललो नाही.

दुकानात परत येऊन मी लिहिलं, ‘यांचे दुपारी, राहत्या घरी, वेणी घालून घेत असताना निधन झाले.’ प्रूफ काढलं आणि नानांकडे नेलं. नाना तुमच्याहून दोन वर्षांनी लहान, पण त्या तीन दिवसांत ते तुमच्याहून म्हातारे दिसू लागले होते. त्यांनी चष्मा लावून कागद दूर धरला, जवळ धरला.

“आसं कोणी छापस का?” ते म्हणाले.

“नाही छापत, नाना. ‘अल्पशा आजारानं’ करू का?”

“अल्पसा कोठे व्हता?”

मग आत तोंड करून त्यांनी हाक मारली, “रूपाली! अक्कानी वेणी पुरी व्हयेल व्हती का?”

“हो नाना,” ती आतून म्हणाली. “रबर लावलं होतं.”

नानांनी कागद माझ्या हातात परत दिला.

“मंग ‘घालून झाल्यावर’ लिख.”